मडक्याला ठाऊक तेवढंच

रविवार, ९ मार्च

ती. आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर वन्संना सांगा, अंगावर काढू नका. हे पत्र मात्र चष्मा लावून तुम्हीच वाचा. वन्संना मोठ्यानं वाचायला दिलं की त्या मधली वाक्यं गाळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मी बरी आहे. जेवते, झोपते, कामावर जाते. खोदकामावर जुन्या मडक्यांचे तुकडे धुण्याबरोबर आता पाहुण्यांना माहिती सांगायचं कामही आलंय. परदेशी लोक येतात, म्हणून साहेबांनी आम्हा बायकांना इंग्रजीची शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, खमक्या. पहिल्याच दिवशी मी एक वाडगा उचलला आणि दिलं ठोकून, "हा राजाचा वाडगा." बाई म्हणाल्या, "राजा तुझ्या कानात सांगून गेला का गं? मडक्याला ठाऊक असेल तेवढंच बोलायचं." सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

तेव्हापासून घोकंपट्टी चालू आहे. पुरावा म्हणजे इव्हिडन्स. मागे उरलेलं ते रिमेन्स. राख सापडली की 'इथे चूल होती' असं छातीठोक सांगायचं नाही, आधी 'प्रॉबॅबली' लावायचं. अगदी खात्री असेल तरच 'सर्टन'. तो शब्द मी वापरतच नाही. बाई चिडतात, "ढळढळीत चूल समोर दिसतेय, आणि तुझं आपलं प्रॉबॅबली!"

एक गोष्ट मात्र मला लगेच पाठ झाली. नॉट इनफ इव्हिडन्स. एवढ्याशा पुराव्यावरून काही ठरवता येत नाही. ते ऐकलं आणि तुमचीच आठवण झाली. ट्रक नदीत सापडला तेव्हा तुम्ही सगळ्यांना ठणकावलं होतंत, "ट्रक मिळाला ना? माझा मुलगा मिळाला का? मग रडताय कशाला?" तुमच्याकडे बघून मीही रडले नाही. दोन वर्षं झाली, आपण दोघी त्यावरच उभ्या आहोत.

मंगळवारी मला पोलिसांनी बोलावलं. ते तुम्हालाही कळवणार होते, मीच नको म्हटलं. नदी आटलीय. वाळू उपसताना काहीतरी लागलं म्हणाले. हॉस्पिटलात टेबलावर नीट मांडून ठेवलं होतं, आमच्याकडे मांडतात तसंच. मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. उजव्या हाताच्या हाडावर धातूची पट्टी होती. यांचा हात मोडला होता तेव्हाची. तुम्ही घास भरवत होतात आणि हे ऐटीत खात होते, आठवतं? तिचा एक स्क्रू तिरका बसलेला आपण तिघांनी एक्स-रेत पाहिला होता. तो तसाच आहे.

डॉक्टर बाहेरचे, आपली भाषा न येणारे. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मीही इंग्रजीतच सांगितलं, पूर्ण वाक्यात. दिस इज माय हजबंड. आय अ‍ॅम सर्टन. आवाजही कापला नाही. दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलतेय असं वाटत होतं. बाहेर आले, चहा प्यायले, कामावर जाऊन राहिलेले तुकडे धुतले.

मराठीत अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मंगळवारपासून जीभ रेटत नाही. पण ते रात्री-बेरात्री येतील म्हणून तुम्ही दाराला कडी न लावता झोपता, आणि ते मला आता सहन होत नाही. म्हणून लिहिते.

आई, ते गेले. त्याच दिवशी, ट्रकबरोबरच गेले.

मला रडायचंय. एकटीला जमत नाहीये. गुरुवारी त्यांना माझ्या ताब्यात देणार आहेत. मी त्यांना घेऊन घरी येते. तोवर कडी लावून झोपत जा.

अजूनही तुमचीच,
सून