सोड्यांसोबत आलेल्या गोळ्या

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
२ एप्रिल

चि. ममतास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर ‘बरी आहे’ एवढंच सांगून तू मोकळी होतेस, म्हणून पत्र.

सुक्या कोलंबीचे सोडे मिळाले. आईची रीत तू अजून मोडत नाहीस, अर्धे तुला, अर्धे मला. पण पुडक्यात गोळ्याही निघाल्या, ताईच्या गुडघ्यांसाठी अशा चिठ्ठीसकट. विचारल्याशिवाय मी काही गिळत नाही. समोरच्या हंसाबेनना दाखवल्या. सहा डिसेंबरला तू आलीस तेव्हा इथल्या केबिन रोडवरच्या दुकानातून त्यांनीच तुला घेऊन दिल्या म्हणे. एकदम नॅचरल छे, शरीरात बनतं तेच आहे, असं वर मलाच ऐकवलं.

मी गोळ्या घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हे डीएचईए, म्हणजे नुसता कच्चा माल. शरीर त्यापासून पुरुषी हार्मोन बनवतं आणि इस्ट्रोजेनही. किती, ते प्रत्येक बाईचं वेगळं. तेव्हा मला तुझ्या हनुवटीवरचे केस आठवले, आणि चोपन्नाव्या वर्षी आलेल्या पुटकुळ्या. फोनवर तू पार्लरवालीला शिव्या देत होतीस.

केसांचं सोड. तुझी छातीतली कॅन्सरची गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली होती. तेच रोखायला तीन वर्षं रोज गोळी घेतेस आणि वर हे? आजपासून बंद. तुझ्या डॉक्टरांनाही सांग.

रागावले आहे. माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
सुचेताताई


चिपळूण
१६ एप्रिल

ती. सुचेताताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गोळी घेतली. खोटं कशाला लिहू?

ऑपरेशननंतरच्या त्या गोळीने मी म्हातारी झाले गं. बोटं आखडतात, जिना चढले की बसावं लागतं. भाकऱ्या सूनबाई थापते आणि मी बघत बसते. या गोळ्यांनी जिवात जीव आला. परवा जयंतीच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले, लेझीम धरली. मानसी म्हणाली, आई, तुम्ही तर आम्हाला मागे टाकलंत. सून असून म्हणाली! हनुवटीचे केस मी चिमट्याने उपटते, त्याचं काही नाही.

तू म्हणतेस ते खरं असेल. पण असं नुसतं उरून राहायचं ते कशाला? तू शिकलेली आहेस, सांग.

चिडलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
ममता


इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
२१ एप्रिल

चि. ममतास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शिकून येत नाही.

तुझा थकवा मी डॉक्टरबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, तो खरा असतो, त्यावर उपाय करता येतात, कधी औषधही बदलता येतं. पण बाईने तोंड उघडलं तर! तू तुझ्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी बरी आहे म्हणून सांगतेस, मला फोनवर सांगतेस तसंच.

मिरवणुकीचा व्हिडिओ मानसीने पाठवला. लेझीम चुकत होतीस. डोळे पुसून पुन्हा पाहिला.

शनिवारी येते. सोमवारी दोघी डॉक्टरांकडे जाऊ. रक्त तपासतील, जे निघेल ते दोघी ऐकू. भाकऱ्या मी थापेन. पुढल्या जयंतीला दम लागला तर अर्धी मिरवणूक तू चाल, उरलेली मी चालेन.

गोळ्यांची मात्र वाटणी नाही. माझ्या मी डॉक्टरबाईंकडेच टाकून आले. तुझ्या, मी आल्याबरोबर माझ्या हातात द्यायच्या.

आईने आपल्याला सगळं अर्धं अर्धं दिलं, ममता. बहीण तेवढी एकेकीला अख्खी दिली.

दार लोटून ठेव, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सुचेताताई