पाय आपटला म्हणून हलायचे नाही

मी, शेषेराव नरसिंग वडजे, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, मूळ गाव उमरी, सध्या राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय थकले आहे. जिना चढायचा म्हटले की मधेच बसावे लागते. 'कोणाच्याही दबावाखाली न येता' असे इथे लिहावे लागते म्हणून लिहितो. पण जन्मभर मुलींना दबावाखाली उभे राहायला शिकवले, आता दबावच नाही असे कसे म्हणू? दबाव आहे, आणि तो घरातलाच आहे. तो ओळखून, बाजूला ठेवून लिहितो आहे.

१. उमरीच्या शेतातला माझा हिस्सा, विहिरीसह, मुलगा सुदर्शन यास द्यावा. माझ्या दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्यानेच केल्या आणि कधी तोंड वाकडे केले नाही. मुलगा चांगला आहे. त्याला घाई फार असते, एवढेच.

२. नांदेडचे राहते घर पत्नी सिंधु हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर दोन्ही लेकरांना सारखे. तिला कोणी 'आई, तुम्ही मागच्या खोलीत झोपा' असे म्हणू नये. पुढच्या खोलीतच वारा येतो.

३. तरोडा नाक्यापलीकडचा प्लॉट आणि त्यावरचे पत्र्याचे शेड मी माझ्या पगारातून घेतले आहे. ते वडिलोपार्जित नाही. ते मुलगी सुकन्या हिला द्यावे. आतल्या तलवारी, जाळीचे मुखवटे आणि सिंधुने जाड कापडाची शिवलेली जाकिटेही तिचीच. सुकन्या तिथे रोज संध्याकाळी मुलींना तलवारबाजी शिकवते. सुदर्शनचे म्हणणे असे की जागा लातूरच्या धर्तीवर डॉक्टरकीच्या क्लासला द्यावी, भाडे चांगले येईल, आणि ताईने शाळेच्या मैदानावर शिकवावे. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरी माझे उत्तर नाही असेच आहे. मैदानावर मुलींभोवती बघे जमतात, आणि नव्या मुलीला आधी आडोसा लागतो. बघ्यांपुढे उभे राहणे तिला नंतर शिकवता येते.

४. हे कलम सुकन्यासाठी आहे, पण सगळ्यांनी ऐकावे.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. बाप गेला की बहिणीला तहसीलला नेतात, हक्कसोडीच्या कागदावर सही घेतात, साडी नेसवतात आणि सगळे मिळून जेवतात. कोणी रागावत नाही, सगळे प्रेमाने चालते. अडचण तीच आहे, प्रेमाने पुढे केलेल्या पेनाला नाही म्हणणे फार जड जाते. मृत्युपत्रात तुझे नाव असले तरी नंतर तो कागद तुझ्यापुढे येईलच.

लातूरची विभागीय स्पर्धा आठवून बघ. अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटचा एक वार बाकी. समोरच्या मुलीने पुढचा पाय जोरात आपटला. ती हूल होती. तू दचकून हललीस आणि तिचे पाते आत आले. मुखवटा न काढता तू आत रडलीस, मला जाळीतून दिसत होते. पुढच्या बाजारच्या दिवशी तुला उमरीला नेऊन भाजीच्या रांगेसमोर मुखवटा घालून पवित्र्यात उभे केले. लोक हसले, टवाळ पोरांनी पाय आपटले, 'मास्तरला याड लागलं' असेही कानावर आले. नियम एकच होता: समोरचे पाते हलले तरच हलायचे. श्वास आधी पूर्ण बाहेर सोडायचा आणि मग काय करायचे ते ठरवायचे. बाजार उठेपर्यंत तू उभी राहिलीस. पुढच्या वर्षी तोच सामना जिंकलीस, पण मला तो बाजारच जास्त आठवतो.

घरातही तसेच होईल. मामा म्हणतील, भावाचे तोंड बघ. सुदर्शनचे डोळे भरून येतील, आणि ते खरेच भरलेले असतील. हे सगळे पाय आपटणे आहे, पाते नव्हे. तू उठून बुटाची नाडी बांधायला बाहेर जा, वार झाल्यावर वेळ घ्यायला जायचीस तशी. श्वास सोड. परत येऊन सांग, आज सही नाही. कारण देऊ नकोस; कारण दिले की त्यावर बोलणे सुरू होते. सगळ्यात कठीण तुझी आई. ती रडेल, आणि तिच्या रडण्यापुढे तुझा टिकाव लागणार नाही याची मला भीती आहे.

५. लातूरच्या संघाचे प्रशिक्षक मल्लिनाथ सर यांना माझी शिट्टी द्यावी. त्यांच्या मुली पाय आपटत, पालक मागून 'पोरीला भाकरी थापायला ठेवा घरी' म्हणून ओरडत, आणि सर हसत बसत. मला ते अजून सहन होत नाही. पण त्यांच्यामुळे माझ्या मुलींचा फुकटात सराव झाला, हेही नोंदवून ठेवतो.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी माझे मित्र अमरनाथ यांचे नाव मी लिहिले होते. आज दुपारी इथपर्यंतचे सिंधुला वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. तिने चौथे कलम परत वाचायला लावले. तिचे माहेर हिमायतनगरचे. तिथली हक्कसोड तिने राजीखुशीने दिली असे मी इतकी वर्षे समजत होतो. ती म्हणाली,

"मी रडन म्हून लिवलाव व्हय? माझ्या भावानं कागद पुढं केला तवा मी बी न्हाई म्हणणार होते. माय रडाय लागली. म्या सही केली. साऱ्या गावच्या पोरींना उभं राहायला शिकवलाव तुम्ही. मला कुणी शिकवलं? अमरनाथभावजींचं नाव काढा, माझं घाला. कुणाला सही पायजे आसंल त्यानं कागद आधी माझ्यापुढं आणावा."

मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. अमरनाथचे नाव खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. अंमलबजावणीचा सर्व अधिकार पत्नी सिंधु हिला देत आहे.

चौथ्या कलमातले तिच्या रडण्याचे वाक्यही मी खोडायला घेतले होते. तिने पेनावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "पोरगी वाचंल, आन् माझ्याकडं बघंल."

वाक्य तसेच ठेवले आहे. आता हात दुखतो आहे, इथेच थांबतो.

ठिकाण: नांदेड
दिनांक: ९ मार्च २०२५

लिहून देणार: शेषेराव नरसिंग वडजे (सही)
अंमलबजावणी मान्य: सिंधु शेषेराव वडजे (सही)

शेषेराव यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१) अमरनाथ विठ्ठलराव हंबर्डे, मित्र (सही)
२) धम्मप्रिया रविकांत वाघमारे, माजी विद्यार्थिनी (सही)