सोल्वाइगताईची ओळ

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
३ एप्रिल २०२२

चि. मॅरेन हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे वेबपानं बनवायचे धडे पोचले. चाळीस पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली, आणि पहिल्यावर तुझ्या अक्षरात ‘आजोबा, घाबरू नका’. घाबरलो नाही. सहावीच्या पोरांना अडतीस वर्षं अपूर्णांक शिकवलेला माणूस रिॲक्टला काय घाबरणार? फक्त फळ्यापाशी उभं राहणं सोपं असतं आणि बाकावर बसणं अवघड, हे या वयात समजतंय.

तू विचारलंस, तयार फॉर्म दोन मिनिटांत मिळतो, मग हा खटाटोप कशाला? गेल्या जुलैतला आपल्या घराण्याचा मेळावा आठव. कोण येणार, काय आणणार याची कागदी यादी घरोघर फिरली, आणि शेवटी तळ्याकाठच्या त्या छपराखाली अकरा घरांनी बटाट्याचं सॅलड आणलं. दुसरं काहीच नव्हतं. तेव्हा मी साऱ्या टोलेफसनांसमोर बोलून गेलो की पुढची यादी मी कॉम्प्युटरवर, स्वतःच्या हातानं करीन.

खरं कारण निराळं आहे. यादी झाली की ती छापून सगळ्यांना पोस्टानं जाईल, म्हणजे बेमिजीला सोल्वाइगताईकडेही जाईल. अकरा वर्षांमागे, आईच्या अंत्यविधीत, माझी कविता बावीस कडव्यांची होती. नवव्या कडव्याला ताई उभी राहिली आणि भरल्या चर्चमध्ये म्हणाली, आर्विड, पुरे आता, कॉफी गार होतेय. मी तसाच बाहेर पडलो. तेव्हापासून ती मेळाव्याला येत नाही आणि मी बेमिजीला जात नाही. पत्र लिहायला घेतो आणि दुसऱ्याच ओळीला माझा राग वर येतो. छापील यादीला मात्र पत्र म्हणत नाहीत, ती कुणालाही पाठवता येते. ताई एक्क्याऐंशीची, मी सत्त्याहत्तरचा. असे जुलै आता किती राहिले असतील? तिच्या नावापुढं ‘येणार’ या चौकटीत खूण पडावी, एवढ्यासाठी मी तुझी चाळीस पानं पाठ करीन.

कम्पोनंट मला कळला. ते कवितेतलं पालुपद आहे. कवी ते एकदाच पुरतं लिहितो, पुढं प्रत्येक कडव्याखाली नुसते पहिले दोन शब्द टाकतो, आणि वर्ग आपोआप सगळं म्हणतो. मीही यादीतली एकच ओळ लिहिली आणि त्रेसष्ट माणसं तिच्यातून उभी राहिली. प्रॉप म्हणजे त्या ओळीला वरून मिळालेलं नाव आणि वय, तेही समजलं. जन्मताना मिळतं, आपल्याला बदलता येत नाही. स्टेट मात्र डोक्यात शिरत नाही.

तळ्यावरचा बर्फ काठाकाठानं सुटू लागलाय. फोन करू नकोस. आपल्या घरात फोन वाजला की कुणीतरी गेलेलं असतं, आणि माझं काळीज आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही.

आजोबावरची माया इथल्या थंडीनं आटू देऊ नकोस.
तुझा आजोबा,
आर्विड


सिॲटल
१० एप्रिल

ती. आजोबांस मॅरेनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, मला हे पालुपद चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता स्टेट. प्रॉप ओळीला वरून मिळतात, स्टेट ही तिची स्वतःची आठवण. हा माणूस येणार का, काय आणणार, त्याच्याबद्दलची टीप काय, हे ती ओळच लक्षात ठेवते. ते बदलायचं असेल तर गुपचूप बदलायचं नाही. रिॲक्टनं एक ठराविक निरोप्या दिलाय, त्याच्याकडून सांगून पाठवायचं. मग तो पान पुन्हा रंगवतो. परस्पर बदललंत तर आठवण बदलेल, पण पानाला त्याचा पत्ता लागणार नाही आणि तुम्ही स्क्रीनकडं बघत बसाल.

सोल्वाइगआजीचं वाचून मात्र हसू आलं नाही. आई म्हणते, तुम्ही दोघं एकाच लाकडाचे आहात आणि त्या लाकडाची धड खुर्चीही होत नाही. आजोबा, त्यांना दोन ओळी लिहा ना. त्यासाठी रिॲक्ट लागत नाही.

तेही करून बघा, आणि माझ्यावरचा लोभ धड्यांपुरता ठेवू नका.
तुमची,
मॅरेन


फर्गस फॉल्स
२८ मे

चि. मॅरेन हिस अनेक आशीर्वाद.

काम झालं. आज सकाळी एक्केचाळीस पाकिटं पोस्टात टाकून आलो आणि हे बेचाळिसावं लिहितोय.

स्टेटनं मला दोन आठवडे खेळवलं. निरोप्याला न सांगता मी परस्पर खुणा करत होतो आणि पान दगडासारखं बसून. मग आठवलं, एकदा मी हजेरीपटात न लिहिताच दोन मुलांच्या जागा बदलल्या होत्या आणि वर्षभर एकाचे गुण दुसऱ्याच्या घरी गेले होते. तेव्हापासून निरोप्याला मान देतो. आता खूण केली की पान लगेच उजळतं. पहिल्यांदा उजळलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो. घरात पाहायला कुणी नव्हतं, तुझी आजी असती तर म्हणाली असती, बसा, चहा सांडेल.

मधेच लाल अक्षरांत सूचना येऊ लागली की यादीतल्या प्रत्येकाला त्याची अशी वेगळी ‘की’, म्हणजे ओळखखूण, हवी. हा प्रश्न मी तुला न विचारता सोडवला, त्याचा मला अभिमान आहे. वर्गात करायचो तेच केलं, वरून खाली क्रमांक दिले, पहिला, दुसरा, तिसरा. लाल अक्षरं तिथल्या तिथं गप्प झाली.

पान बंद केलं की ते सगळं विसरतं, हे एकदा भोगलं. म्हणून तीन आठवडे कॉम्प्युटर बंदच केलेला नाही. वर भांडी पुसायचं फडकं टाकलंय आणि शेजारच्या बेव्हर्लीला ताकीद दिलीय की आपल्या घरचा दिवासुद्धा जरा जपून लाव. लोक फोनवर सांगत गेले, मी भरत गेलो. यादी वयानं लावलीय. सर्वांत वर ब्याण्णव वर्षांचे बडकाका, खाली डेलबर्टकाका, मग व्हर्नाआत्या, मग हार्लनकाका, मग सोल्वाइगताई, मग मी. हार्लनकाका फेब्रुवारीत गेले, म्हणून त्यांच्यापुढं ‘आपल्यात नाहीत’ अशी खूण केली आणि टिपेच्या जागी चार ओळी लिहिल्या:

दाढीत तुझिया गोठे धुके अन् खर्जात घुमे गाणे,
बर्फ फोडुनी मासे धरले, शांत तुझे हे जाणे;
तळे मोकळे झाले आता, वल्हे कुणी धरावे?
पाण्यामधल्या फटीतुनी त्या तूच हळू हसावे.

ताईच्या ओळीत सगळं कोरं ठेवलंय. ते कोरेपण पाहून तिला कळेल, असं वाटतं.

अगदी शेवटी, आज सकाळी बडकाकांचा फोन आला. बड आणि डेलबर्ट हा एकच माणूस असून तो आपणच आहोत, असं त्यांनी कळवलं. सत्त्याहत्तर वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डेलबर्टची ओळ काढून टाकली, छापलं आणि थेट पोस्टात गेलो, नाहीतर पुन्हा कुणीतरी फोन केला असता.

आता वाट पाहायची. तूही थोडी पाहा, म्हणजे मला सोबत होईल.
तुझा आजोबा,
आर्विड


बेमिजी
६ जून

चि. आर्विड यास, कैलासवासी सोल्वाइगचे आशीर्वाद.

अकरा वर्षांनी तुझं अक्षर घरात आलं, तेही छापील, आणि त्यात मी मेलेली. माझं नाव, वय एक्क्याऐंशी, ‘आपल्यात नाहीत’, आणि खाली कविता. कवितेत माझी दाढी. मी आरशात जाऊन पाहिलं. एवढीही नाहीये.

हार्लनकाका मात्र येणार आहेत, आणि बटाट्याचं सॅलड आणणार आहेत. फेब्रुवारीत त्यांच्या पेटीवर माती टाकायला मी स्वतः उभी होते, त्यामुळं सॅलड कसं असेल याची मला उत्सुकता आहे. व्हर्नाआत्यांचं उत्तर आलेलं नाही. तुझंही नाही. यजमान येणार की नाही ते यजमानालाच माहीत नाही, असा मेळावा टोलेफसनांतच व्हायचा.

यादी नात्यात सगळीकडं गेली, तिथून आमच्या चर्चमध्ये, आणि दोन दिवसांत लोक सांत्वनाला दारात. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. दार मीच उघडत होते. पहिल्या तिघी किंचाळल्या, मग जरा बसल्या, मग म्हणाल्या की आणलंच आहे तर ठेवून घे. नऊ हॉटडिश झाल्या आहेत. नऊही मश्रूमच्या सूपमधल्या, वर तळलेल्या बटाट्यांचा थर. फ्रीजमध्ये दुधाला जागा नाही. पाळकसाहेबांनी तर माझ्याबद्दल काय बोलणार होते ते कागदावर लिहूनच आणलं होतं. मी मागून घेतलं. बरं लिहिलंय, पण फार सौम्य.

कविता, दाढी सोडली तर, वाईट नाही. चार ओळींत थांबलास. आईच्या वेळी थांबला असतास तर आपण दोघांनी अकरा वर्षं अशी घालवली नसती. मीही ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. हे मी एकदाच लिहितेय, कागद जपून ठेव.

आता एक विचारते. तुला खरंच वाटलं की मी गेले, की कॉम्प्युटरनं काही घोटाळा केला, मला माहीत नाही. घोटाळा असेल तर असो. पण तुला खरं वाटलं असेल तर तू का आला नाहीस? नऊ जण आले. डलूथहून एक बाई आली, तिचं नाव मला अजून आठवत नाही. तीन दिवस मी ओसरीवरच्या खुर्चीत बसून होते. तू आला नाहीस.

एवढं कळव. मेलेल्या माणसाला लोभ ठेव म्हणायचा अधिकार नसतो, तरी म्हणते.
सोल्वाइग


सिॲटल
९ जून

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र बेमिजीच्या पत्त्यावर पाठव म्हणालात, तसं पाठवतेय. काल फोन वाजला, तुमचं नाव दिसलं आणि मी मीटिंगमधून रडतच बाहेर धावले. कोण गेलं विचारलं तर तुम्ही म्हणालात की कुणी गेलं नाही, हीच अडचण आहे. असा फोन पुन्हा करू नका. मी सत्तावीसची आहे, माझंही काळीज काही लोखंडाचं नाही.

घोटाळा कुठं झाला ते आता नीट कागदावर. तुम्ही क्रमांकाला ‘की’ केलंत. रिॲक्ट माणूस ओळखत नाही, ‘की’ ओळखतो. तुम्ही दुसरी ओळ, डेलबर्टकाकांची, काढलीत. नावं एकेक पायरी वर सरकली, पण प्रत्येक क्रमांकाची आठवण आपल्या जागेवरच बसून राहिली. चौथ्या क्रमांकाला आठवत होतं, ‘मी गेलोय, माझ्यावर कविता आहे’. त्या जागेवर आता सोल्वाइगआजी आल्या. तिसऱ्याला सॅलड आठवत होतं, ते हार्लनकाकांच्या गळ्यात पडलं. तुमच्या वाट्याला सोल्वाइगआजींचं कोरं उत्तर आलं. तुमच्या वर्गात नंबर बाकाला होता. इथं तो मुलाला द्यायचा असतो, मूल कुठंही बसो. प्रत्येकाला जन्मभराची एक खूणगाठ द्या, नाव आणि जन्मतारीख मिळून चालेल. आमच्या धंद्यात नवा माणूस येतो आणि पहिल्या महिन्यात हेच करतो. मीही केलं होतं. माझ्या चुकीत फक्त एका दुकानाच्या पानावर बुटांचे जोड बदलले, माणसं गेली नाहीत.

आणि आठवण कॉम्प्युटरवर जपून ठेवायची सोय असते, ती सोबतच्या पानावर लिहिलीय. फडकं काढा.

बाकी सगळं एका ओळीत दुरुस्त होतं. सोल्वाइगआजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमचं तुम्हालाच द्यायचंय.

दोघांनाही नमस्कार. कसं झालं ते लवकर लिहा, तोवर माझं कामात लक्ष लागणार नाही.
मॅरेन


बेमिजी
१४ जून

चि. मॅरेन हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र वाचलं, तुला फोन केला आणि दुसऱ्या सकाळी गाडी काढली. कॉम्प्युटर शेजारच्या सीटवर, त्याला पट्टा बांधून. अडीच तास मी उत्तराची उजळणी करत होतो. मला माहीतच नव्हतं, हे खरं होतं, पण अकरा वर्षांचं त्यात काहीच येत नव्हतं. बेमिजी जवळ येईपर्यंत त्याची एकोणीस वाक्यं झाली होती.

ताई ओसरीवरच होती. फार लहान झालीय गं. माझ्या मनातली ताई मला शाळेत ओढत नेणारी, हाताला रट्टा देणारी. तिनं मला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, उशीर केलास, आत ये, पाचवी हॉटडिश चालू आहे. माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, ते त्या एकोणिसांतलं नव्हतं. मी म्हणालो, ताई, तू गेली असतीस तर मला फोन करायला कोण होतं? तिनं माझ्या ताटात दोन डाव वाढले.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. ताईनं ते माझ्यापेक्षा आधी समजून घेतलं, हे तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. प्रत्येकाला जन्मभराची खूणगाठ दिलीय. वय वरून येतं आणि ओळीला ते बदलता येत नाही, यावर तिचं माझ्याशी भांडण चालू आहे. तिला त्यातून दोन वर्षं कमी करून हवी आहेत. दुरुस्त यादी उद्या पुन्हा छापतोय. तिच्या ओळीला मी हात लावलेला नाही. ती म्हणाली, माझं मी भरीन, तू तिकडं तोंड करून बस.

खाली तिनं चार ओळी लिहायला जागा मागितलीय.
आर्विड

मॅरेन, तुला मोठ्या आजीचे आशीर्वाद. तुझा आजोबा तिकडं तोंड करून अजिबात बसला नाही. ‘येणार’ची चौकट मला सापडली. टिचकी मारली, खूण आली. तो खुर्चीतून अर्धा उठला. पुन्हा मारली, खूण गेली. तो खाली बसला आणि चष्मा पुसायला लागला. पुन्हा मारली, पुन्हा उठला. तुझ्या आधीच्या पत्रात लिहिलंयस ना, आठवण बदलली की पान पुन्हा रंगतं, ते मी स्क्रीनकडं न बघता नीट पाहिलं. सहा वेळा केलं. मग मला त्याची दया आली. सातव्यांदा टिचकी मारली आणि हात मांडीवर ठेवला.