नाकारतोस का?

३ मे
सकाळी पोहोचलो. चर्चच्या मागची खोली मिळाली आहे. पलंग, टेबल, खिडकीत भरपूर ऊन. काम झाडलोट करायचं, बाकं पुसायची, उपासनेआधी घंटा वाजवायची. पाळकांनी स्वतः माझी बॅग उचलून आत आणली. त्यांची मोठी बहीण ऑर्गन वाजवते. सगळी मंडळी तिला अक्का म्हणते. तिने मला विचारलं, तुला तोंड आहे की नुसतीच मान? मी मान हलवली. ती खळखळून हसली. म्हणाली, बरं झालं बाबा, आमच्या भावाला असाच श्रोता हवा होता.

माणसं चांगली आहेत. याची मी तयारी केली नव्हती.

७ मे
आज एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. आमच्या लहानपणी पाणी लावण्याआधी पाळक विचारायचे, सैतानाला आणि त्याच्या कामांना तू नाकारतोस का? आईबाप बाळाच्या वतीने मोठ्याने म्हणायचे, नाकारतो. इथे तो प्रश्न आलाच नाही. अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, तिच्या भावाने तो कधीच काढून टाकला. शिकलेली माणसं गालातल्या गालात हसायची. भाऊ म्हणतो, सैतान हे नुसतं रूपक आहे. आणि रूपकाला कसलं आलंय नाही म्हणणं!

माझी ताई याच मंडळीत यायची. इथे नोकरीला होती, एकटी राहायची. शेवटी शेवटी तिच्या छातीवर काहीतरी येऊन बसायचं. ती पाळकांकडे गेली. म्हणाली, लहानपणी आईबापांनी दिलेलं उत्तर आता पुरत नाही, तो प्रश्न मला विचारा, मी माझ्या तोंडाने उत्तर देते. दुसऱ्या माणसाने विचारल्याशिवाय ते उत्तर लागू होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पाळक म्हणाले, ते सगळं रूपक आहे, घरी जा, विश्रांती घे. तिने हे मला फोनवर सांगितलं. महिन्याच्या आत आम्ही तिला गावी नेऊन पुरलं.

मी तिचा भाऊ आहे हे इथे कुणाला माहीत नाही.

१६ मे
दुपारी चर्च रिकामं असतं. बाकं पुसताना मी बायबलच्या स्तोत्रांतली, शत्रूला शाप देणारी कडवी मोठ्याने म्हणतो. उपासनेत ती कुणी वाचत नाही. म्हणताना पाळकांचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो. मागणं एकच, ताईवर जे आलं ते त्यांच्यावर येऊ दे.

आज म्हणून थांबलो, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी आमेन म्हणालं. वळलो तर कुणी नाही. बाकावरची गादी मात्र हळूहळू फुगत वर येत होती, बसलेलं माणूस उठल्यावर येते तशी.

घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. प्रभूने ऐकलं होतं.

२४ मे
पाळक प्रवचनात मध्येच थांबले. बाकांमधल्या वाटेकडे बघत राहिले, जणू कुणी चालत येत होतं. अक्काने वेळ सावरली, गीत सुरू केलं. नंतर म्हणाली, जागून जागून प्रवचन लिहितो आणि उभ्या उभ्या झोपतो. हसली, पण भावाचा हात धरूनच त्याला घरी नेलं.

आज पोटभर जेवलो.

३० मे
भर दुपारी पाळक माझ्या दारात. अनवाणी. छातीवर काहीतरी बसतं म्हणाले. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. मंडळीत बोलायची लाज वाटते. मग गुडघे टेकले. तो प्रश्न मला विचार, म्हणाले, कुणीतरी विचारायलाच हवा.

मी म्हणालो, ते सगळं रूपक आहे. घरी जा, विश्रांती घ्या.

त्यांनी वर पाहिलं. मी कुणाचा कोण, ते त्यांना तेव्हा कळलं.

१ जून
पाळक गेले. खुर्चीत, बसल्या जागी. बरगड्या आत दबलेल्या. अक्का रडली नाही. मी हात भरून येईपर्यंत घंटा वाजवली.

४ जून
आमेन म्हणणारा गेलेला नाही. काम झालं तरी — बाकं पुसताना शेजारी श्वास ऐकू येतो. प्रभू सूड घेतो, पण असा मुक्कामाला येत नाही. मग इतके दिवस मी कुणाला —

६ जून
छातीवर. दिवसाढवळ्या. स्वतःच प्रश्न विचारला, स्वतःच उत्तर दिलं. ओझं तसूभर हललं नाही. ताई खरं सांगत होती. पलीकडच्या चर्चच्या पाळकांना फोन केला. त्यांनी आपुलकीने ऐकलं आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर दिला.

७ जून
अक्काकडे गेलो. सगळं सांगितलं, ताईचंही. ती म्हणाली, भाऊ तुझ्याकडे आला होता ते ठाऊक आहे. मीच पाठवला. म्हटलं, पोरगा मुका आहे पण मनाचा चांगला आहे.

मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, एकच प्रश्न, अक्का, तेवढा मला विचार.

ती उठली, दार उघडून उभी राहिली. घरी जा बाळा, म्हणाली. विश्रांती घे.

७ जून, संध्याकाळ
शर्टाचं बटण तुटलं आहे. ते लावून घ्यावं. सुईदोरा सापडला.

मागे पलंगावर कुणीतरी बसलं आहे. आता तेच मला प्रश्न विचारतंय. माझं नाव घेऊन, मायेने — पण शब्द वेगळे. मला स्वीकारतोस का —

उत्तर द्यायचं नाही. दोरा ओवला. आता नुसती गाठ मारायची आणि