नंबर माझ्या नावावर आहे

वेरिबी,
मंगळवार, २० ऑक्टोबर २०२०

प्रिय डॅरेन यास एडवर्डचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. तो तुला पोचावा अशी आज माझी इच्छा नाही, पण पत्र कसं सुरू करायचं ते बाबांनी शिकवलंय आणि तेवढा नियम मी तुझ्यासाठी मोडणार नाही.

आम्ही खुशाल आहोत. कॅरेनचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. नीलची युनि घरूनच चालली आहे, म्हणजे दुपारपर्यंत झोपून मग 'मॉर्निंग, डॅड' म्हणणं. कालपासून आम्हाला घरापासून पंचवीस किलोमीटरपर्यंत जायची मुभा मिळाली, तर कॅरेनने पहिलं काय केलं असेल? गाडीत बसून नुसती समुद्र बघून आली. माझं कोल्ड स्टोअरेज एक दिवसही बंद नव्हतं. लोकांना लॉकडाउनमध्येही आइसक्रीम लागतंच. तिकडे सिडनीत, तुमच्या ब्लॅकटाउनला सगळं उघडं आहे, गर्मीही सुरू झाली असेल. तुझा सीझन.

फोन चांगला आहे. निळा रंग तूच निवडला होतास. आवड वाईट नाही तुझी. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त आहे.

आता जे झालं ते क्रमाने लिहितो. तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे उद्या कोणी 'मला तसं वाटलं' म्हणायला नको.

तू २००८ साली इथे आलास तेव्हा नवख्या माणसाला कोणी फोनचा प्लॅन देत नव्हतं. मी माझा नंबर काढून तुझ्या हातात दिला. इथे आल्यावर मी घेतलेला पहिला नंबर, वसईत सगळ्यांना ठाऊक असलेला. मी दुसरा घेतला. खातं मात्र माझ्याच नावावर राहिलं. तेव्हापासून कॉन्ट्रॅक्ट संपलं की दर दोन वर्षांनी तुझा मेसेज: 'दादा, अपग्रेडला ओके दे ना.' आणि मी दर वेळी अटी पहिल्या ओळीपासून वाचून मगच ओके दिलं. तू हसायचास. 'दादा, टर्म्स अँड कंडिशन्स वाचणारा अख्ख्या ऑस्ट्रेलियात तू एकटा.' असेन.

त्या नंबरावर तू धंदा उभा केलास. एसी बसवायचं कामही तू माझ्याकडे शिकलास आणि मी कोणाकडेच शिकलो नाही. बिघडलेली मशीनं उघडून, मॅन्युअल शेजारी पसरून शिकलो. ते असो. तो नंबर आज तुझ्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला आहे आणि ब्लॅकटाउनमधल्या निम्म्या फ्रिजांवर मॅग्नेट होऊन चिकटलाय. तुझं पूर्ण नाव माहीत नसलेल्या लोकांना तो माहीत आहे.

आता ऑगस्ट.

वसईला बाबांना ताप आला, ॲडमिट केलं, 'दोन दिवसांत घरी येईन' असं ते मला स्वतः म्हणाले. मग त्यांचा फोन बंद झाला. कोल्ड रूममध्ये फोन नेता येत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी शिफ्ट संपवून लॉकर उघडला तर बेन्सनकाकांच्या नातीचा, शेरिलचा मेसेज होता. 'एडवर्ड अंकल, डॅरेन अंकल तुमच्या वतीने पण किती छान बोलले ऑनलाइन. सगळे रडले.' खाली फोटो. ओली माती, त्यावर एक हार, बाजूला पांढऱ्या सूटमधले दोघे. कोणाची माती ते मला क्रॉसवरचं नाव मोठं करून वाचावं लागलं.

बाप गेला हे मला असं कळलं.

तू नंतर म्हणालास, 'लावला होता रे फोन, लागला नाही.' मी तपासलं. मिस्ड कॉल नव्हता, व्हॉइसमेल नव्हता, मेसेज नव्हता. मी तुला तसं बोललो नाही. काकांनाही विचारलं नाही, की तुम्हाला सगळ्यांना मीच कसा दिसलो नाही. तू कधी तोंड उघडतोस त्याची वाट बघितली.

तुझा मेसेज आला सप्टेंबरात, बाबांना जाऊन महिना व्हायच्या आत. मला वाटलं, आलं. उघडला. 'दादा, अपग्रेडला ओके दे ना. ब्लूवाला.'

मी ओके दिलं. अटी वाचल्या आणि दिलं. फक्त फोन आणि सिम कुठे पाठवायचं तो पत्ता वेरिबीचा घातला. हेल्पलाइनवरचा मुलगा भला होता, त्याने विचारलं, "हा नंबर सध्या जे वापरतात त्यांना कल्पना आहे ना, मेट?"

"अकाउंट होल्डर कोण आहे?" मी विचारलं.

"तुम्ही."

"मग अकाउंट होल्डरला कल्पना आहे."

"नो वरीज," म्हणाला.

नंबर माणसाचा नसतो, डॅरेन, खात्याचा असतो. अटींमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तू वाचल्या असत्यास तर तुलाही कळलं असतं.

सिम चालू केलं त्या दुपारी तुझाच पहिला फोन आला, कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या फोनवरून. तुझ्याच नंबरावर तूच.

"हॅलो? कोण बोलतंय? हा माझा नंबर आहे."

"एडवर्ड बोलतोय. आणि नाही, तुझा नाहीये."

"दादा? अरे माझा फोन अचानक डेड झालाय, कंपनीने काहीतरी घोळ—"

"घोळ नाही. मी घेतला."

तू म्हणालास, "दादा, मस्करी नको, सीझन आहे माझा." तुझं एवढं एक वाक्य मी जपून ठेवलंय. तुला अजूनही कळलं नव्हतं, हे कशासाठी चाललंय. किंवा चांगलं कळलं होतं. मी फोन ठेवला. त्यानंतरचे तुझे मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून तुझे लोक मला फोन करतात. मी खोटं बोलत नाही. डॅरेन या नंबरावर नाही, मी त्याचा मोठा भाऊ, असंच सांगतो. मग विचारतो, त्रास काय आहे? सेव्हन हिल्सच्या एका बाईंचा एसी आत पाणी गाळत होता. "मशीनच्या मागची बारीक नळी सापडली? तिच्यात मुंग्यांची माती बसली असेल, व्हॅक्यूम लावा." पाच मिनिटांत थांबलं. तुझ्या अर्ध्या दिवसाची मजुरी वाचली त्यांची. एकाला नुसता फिल्टर धुवायला लावला. एकाच्या रिमोटवर हीट लागलेलं होतं, आणि तू म्हणे त्याला नवीन कॉम्प्रेसर सांगितला होतास. कामं मी कोणाची अडवली नाहीत. करून दिली, फुकट, फोनवरून. आता ते शेजाऱ्यांना माझा नंबर देतात. म्हणजे तोच नंबर.

कॅरेन म्हणते, "एडी, तू माणूस आहेस का कॉल सेंटर? भावावर सूड घ्यायचा तर शिव्या घाल आणि मोकळा हो. हे काय, बसून सगळ्या सिडनीचे एसी दुरुस्त करतोयस." तिला कळणार नाही. शिव्या संपतात.

इथवर सगळं मी ठरवलं तसं चाललं होतं. इथे पत्र संपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या गुरुवारी त्या नंबरावर वसईचा फोन आला. हॉस्पिटलातल्या सिस्टर ॲग्नेस. बाबांचा चष्मा कपाटात राहिला होता, तो कोणाकडे द्यायचा विचारत होत्या. मी म्हटलं, बेन्सनकाकांकडे द्या. मग त्या म्हणाल्या, "एडवर्ड, तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं. तुम्ही त्या दिवशी बोललात ना, त्याने ते शांत झाले."

मी विचारलं नाही, कुठल्या दिवशी. त्या आपणहून सांगत गेल्या.

ॲडमिट होताना बाबांना माझा नंबर विचारला तर त्यांनी तोंडपाठ सांगितला. त्यांना पाठ होता तो पहिला. व्हेंटिलेटरवर घ्यायच्या आधी सिस्टरनी तो लावला आणि स्पीकर चालू करून फोन बाबांच्या कानाशी धरला. बाबांनी विचारलं, 'एदू का?' आणि पलीकडून उत्तर आलं, 'हो, बाबा.'

एदू मला म्हणतात, डॅरेन. जगात दोनच माणसं म्हणायची. आई आधीच गेली.

सिस्टर मंगळूरच्या, त्यांना आपली वसईची बोली कळत नाही. बाबा मास्कमधून खूप वेळ काही सांगत होते, एवढंच त्यांना कळलं. शेवटचं तेवढं समजलं: 'करशील ना?' थांबून परत, 'करशील ना, एदू?' आणि तू म्हणालास, हो, करीन. बाबा गेल्याचंही सिस्टरनी त्याच नंबरावर कळवलं आणि काकांना सांगितलं, मोठ्या मुलाशी बोलणं झालंय, त्याला सगळं माहीत आहे. म्हणून वसईहून मला कोणी फोन केला नाही. सगळ्यांच्या हिशेबी मी बापाचा निरोप घेऊन, मातीला ऑनलाइनसुद्धा न येणारा मुलगा होतो. तुझ्यामुळे. आणि तू तिकडे स्क्रीनवर 'दोघांच्या वतीने' बोलत होतास.

सिस्टरनी शेवटी विचारलं, "बाबांनी सांगितलं ते कराल ना?"

डॅरेन, तेव्हा मला म्हणता आलं असतं, सिस्टर, तो मी नव्हतो. म्हणालो नाही. बापाच्या शेवटच्या बोलण्याला आपण हजर नव्हतो हे परक्या बाईला सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "हो, करीन."

म्हणजे आता दोनदा झालं. माझ्या नावाने एकदा तू आणि एकदा मी. न वाचता मी आयुष्यात कशावर सही केली नाही, आणि माझ्या बापाशी माझा झालेला करार मला माहीत नाही. तो फक्त तुला माहीत आहे. तू तो सप्टेंबरभर खिशात घेऊन फिरलास आणि माझ्याकडे निळा फोन मागितलास.

त्या वेळी 'मी एदू नाही' असं तुला म्हणवलं नसेल, हे मला कळतं. शेवटचा श्वास घेणाऱ्या माणसाची चूक कोण काढतो? मी काढली असती. 'बाबा, नंबर बदललाय, लिहून घ्या' म्हणालो असतो, आणि त्यात त्यांचा वेळ गेला असता. म्हणून तुझा तो 'हो' मी तुला सोडतो. त्याच्यानंतरचं सोडत नाही. मला फोन करून 'दादा, बाबा तुला हे सांगून गेले' एवढं म्हणायला तुला कोणी अडवलं नव्हतं. तेव्हा नंबर तुझ्याकडेच होता.

तर आता लिही. बाबा बोलले ते सगळं, पहिल्या शब्दापासून, आपल्या बोलीत, ते बोलले तसं. शुद्ध करू नकोस. त्यांच्या बोलण्यात तू तुझं काही घातलंस तर मला ओळखू येईल. जे आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' लिही, बनवू नकोस. माझ्यावर रागावून काही म्हणाले असतील तर तेही लिही.

फोन करू नकोस. फोनवर तुझा माझा आवाज सारखा येतो, हे मला आता कळलंय. हाताने लिही आणि एक्स्प्रेस पोस्टने पाठव.

नंबराचं म्हणशील तर पत्र आलं म्हणून तो परत येईल असं समजू नकोस. बाबांचे शब्द एका पारड्यात आणि तुझी व्हॅन दुसऱ्या पारड्यात, असा सौदा मी करणार नाही. व्हॅन रंगवून घे.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मिसाच्या प्रार्थनेनंतर सगळे ऑनलाइन जमणार आहेत, तुला निरोप आला असेल. बेन्सनकाका असतील, शेरिल असेल, सिस्टर ॲग्नेसना मी स्वतः बोलावलं आहे. या खेपेला माझ्या वतीने मी बोलणार आहे. तोवर तुझं पत्र आलेलं नसेल तर मी दुसरं काही बोलणार नाही. सगळ्यांसमोर तुला एवढंच विचारीन: डॅरेन, मी बाबांना कशाला हो म्हणालो?

ज्याच्या नावाने तू शब्द दिलास आणि ज्याला तो पाळायचा आहे, तो तुझा मोठा भाऊ,

एडवर्ड