मध्यम पायपिटीची रंगीत तालीम

लुक्ला, धावपट्टीच्या वरची गल्ली
पावसाळा सरता सरता

चिरंजीव गेलू यास डिकी मावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहोत. माझा गुडघा धरलाय, तुझ्या काकांचे दोन दात पडले आणि शेजारच्या खेचरांनी आपला कोबी खाल्ला, बाकी खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? फोनवरच विचारलं असतं, पण मुद्द्याची गोष्ट निघाली की तिकडे तुझा आवाज तुटायला लागतो (हवापाण्याच्या गप्पांना मात्र खणखणीत येतो). म्हणून हे पत्र न्यूयॉर्कला निघालेल्या शेजारच्या पोरीच्या बॅगेत, सुक्या चीजच्या पुडक्याखाली खुपसून पाठवते आहे. पत्राला रेंज लागत नाही आणि ते मध्येच 'हॅलो, हॅलो' करत नाही.

तर, तुझा प्लॅन पोचला. सुनेने मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. 'छोटा, मध्यम श्रमाचा, चहाघरांत मुक्काम करत शेर्पा गावांतून जाणारा ट्रेक.' ऐकून तुझ्या काकांनी विचारलं, हा कुठल्या देशात आहे गं? मी म्हटलं, अहो, आपल्या दारातून सुरू होतो. ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन येतोयस, आनंद आहे. शेर्पाला उंची लागत नाही, आम्ही पाळण्यातूनच डोंगर चढतो, असं तू त्यांना सांगितलंयस, तेही कानावर आलं. (पाळण्यातला तू मला चांगला आठवतोस. झुलत्या पुलावर टोपलीत बसून असा भोकाड पसरायचास की समोरची खेचरं माघारी वळायची. पुढे काठमांडूच्या शाळेत गेलास तो विमानाने, तिथून अमेरिकेला गेलास तोही विमानाने. डोंगर कधी चढलास बाबा?) असो. 'मावशी, जमण्यासारखं आहे का, एकदा बघ,' असं तू म्हणालास. आता, बघ म्हटल्यावर नुसतं बघत बसणारी मी नव्हे. म्हटलं, आपणच चालून बघू. चहाघर सुनेच्या हवाली केलं, काकांना उठवलं आणि तुझ्या मध्यम पायपिटीची रंगीत तालीम करायला निघालो.

पहिल्या दिवशी, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, फाकदिंगपर्यंत 'हलकी उतरण'. उतरण हलकीच आहे रे, वाटेतली माणसं जड आहेत. चेप्लुंगला माझी नणंद. दारावरून तसंच पुढे गेलं तर जन्मभर बोलणार नाही आणि आत गेलं तर बोलायची थांबणार नाही. गेलो आत. घरची आंबवलेली छांग आली. तिकडे राहून विसरला असशील म्हणून सांगते, आपल्यात पेला एकदा भरून भागत नाही. घोटभर घेतला की पुन्हा काठोकाठ, 'घ्या, घ्या' करत तीनदा, आणि नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. नणंदेकडून सुटलो तर तिच्या दिराने अंगणातून पाहिलं. दिराकडून सुटलो तर त्याच्या व्याह्यांनी खिडकीतून हाक मारली. मग काय विचारतोस! मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे निघायचं, तर तुझे काका तिच्याभोवतीच फिरत राहिले. मी विचारलं, अहो, काय चाललंय? म्हणाले, पुण्य. त्या दिवशी आम्ही फाकदिंगला पोचलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुझ्या मित्रांचं कसं होणार ते तूच बघ. त्यांना तर काकांइतकीही सवय नसणार.

पुढे नाम्चे. तिथे तुझी सख्खी आत्या लॉज चालवते आणि तू खोल्या धरल्यास तिच्या समोरच्याकडे, का, तर तिथे खोलीला लागून न्हाणीघर आहे! शाब्बास. आत्याला पत्ता लागू न देता पलीकडे जाता येतं का, हेही बघणं आलं. म्हणून आम्ही गोऱ्यांचं सोंग घेतलं. पाहुण्यांनी आपल्याकडे विसरलेल्या टोप्या, काळे चष्मे, दोन्ही हातांत काठ्या. काकांनी तर नाकाला पांढरं मलमसुद्धा फासलं. वरच्या वाटेने, भिंतीच्या कडेकडेने, 'ओ माय गॉड, ओ माय गॉड' म्हणत निघालो (तेवढंच येतं). आत्या दारातच उभी. खोली आहे, गरम पाणी आहे, सफरचंदाचा केक आहे, असं इंग्रजीत म्हणाली. आम्ही मान हलवून पुढे. सगळं जमत आलं होतं रे! पण हा माणूस जन्माचा अधाशी. केक ऐकून जागीच थबकला आणि मी आपल्या भाषेत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो आवाज अख्ख्या नाम्चेच्या ओळखीचा. आत्याने दोघांच्या काठ्या काढून घेतल्या आणि पुढचे दोन दिवस सोडलं नाही. दर जेवणाला, 'गोऱ्या पाहुण्यांना काटा-चमचा द्या गं,' आहेच. तेव्हा तू सोंग घेऊ नकोस. तुझं नाक हुबेहूब तिच्या बापाचं आहे, त्यावर किती मलम फासशील?

इथवर सगळं मी हसण्यावारी नेलं. पुढचं नाही नेता आलं. सुनेने वाचलं होतं, 'खुंदे. स्थानिक शेर्पा घराला भेट. लोणी-चहा. एक तास. घरमालकीण हसतमुख.' मी विचारलं, कुणाचं गं घर? अरे गाढवा, तुझं घर ते! ती हसतमुख मालकीण तुझी आई! नऊ वर्षांनी येतोस आणि आईला चहाच्या थांब्यात बसवतोस? मला राग आला. अजून आहे.

आणि आम्ही खुंदेला पोचून हे सांगितलं, तर तुझ्या आईला, यांगजीला, आला का राग? छे! तिला वाटलं, तासाभरात काय काय मावतं ते बघून ठेवू. तिनेही तालीम मांडली. तुझे काका झाले गेलू. चुलीशेजारी घड्याळ ठेवलं. बटाट्याची धिरडी तुझ्या आवडीची, पण किसण्यातच वेळ जातो. म्हणून आधी बटाटे किसून ठेवून पाहिले, तर काळे पडले. मग चहा आधी, धिरडी नंतर, गळ्यात स्वागताचा रेशमी खादा शेवटी. मग खादा आधी. तास भरला की काकांनी उठून 'निघतो आई' म्हणायचं (या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम चोख केलं), की ती रीतीप्रमाणे पेला पुढे करायची. तीनदा भरेपर्यंत ऊन उतरायचं. आम्ही पोट धरधरून हसलो. मग तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "खऱ्या गेलूला मी दुसऱ्यांदा आग्रह करायची नाही. माझ्यामुळे प्लॅन बिघडला तर मित्रांत त्याची मान खाली जाईल." काका गेलू व्हायचं विसरून चुलीकडे बघत बसले. मला रडू आलं. सरळ सांगते, आलं.

असो. प्लॅन एकंदरीत चांगला आहे. खोल्या बदलून आत्याकडे धरल्या आहेत. मित्रांना आशीर्वाद सांग, आणि चेप्लुंगला रिकाम्या पोटी येऊ नका म्हणावं.

तुझी गुडघेदुखीवाली मावशी,
डिकी

ता.क. येताना गुडघ्याचं मलम आण. काकांच्या हाती देऊ नकोस, नाकाला लावतील.

दुसरा ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. उंचीवर डोकं दुखायला लागलं की पुढे चढायचं नाही, दुखणं उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. हे डॉक्टरही सांगतात, त्यामुळे तुझे मित्र काही बोलायचे नाहीत. तर खुंदेला चहा झाला, तास भरत आला, की तुझं डोकं दुखू दे. चांगलं ठणकू दे. दोन-तीन दिवस. शेर्पालाच उंची लागली म्हणून मित्र हसतील. हसू देत. त्यांना मठ दाखवायला काका घेऊन जातील. आईला यातलं काही ठाऊक नाही, युक्ती सगळी माझ्या डोक्यातली, तेव्हा तिच्यासमोरही कण्हायला विसरू नकोस.

तिसरा ता.क. पाकीट चिकटवताना मन खायला लागलं. युक्ती माझी नाही, तुझ्या आईची. आम्ही निघताना तिने मला दारामागे ओढून सांगितली, आणि तुला कळता कामा नये म्हणून गळ्याची शपथ घातली. उंचीच्या डोकेदुखीवर आपल्याकडे लसणाचं सूप लागतं ना? तू यायला अजून महिना आहे, आणि म्हातारीने लसूण आत्ताच सोलून ठेवलाय.