अंगठ्याखालची गाठ

वाटूर, गुरुवार

प्रिय शीतल,

तुझा फोन मी मुद्दाम उचलत न्हाई, फुगून बसू नको. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, अन् मला जे सांगायचंय ते मधी कुणी तोडलं तर परत तोंडातून निघणार न्हाई. म्हणून वही घेऊन बसले. बदनापूरला मालिशचं केंद्र काढून राह्यलीस, पाटीवर आईचं नाव टाकायचं म्हणतीस. आधी हे वाच, मंग पाटी रंगव.

तुझं ते पंख्याखालचं सहा महिन्यांचं शिक्षण चांगलंच असंल. पण हात तुला मी दिला, हे तू पण कबूल करतीस. बाळाच्या पोटावर हात त्याच्या उजवीकडून डावीकडं गोल फिरवायचा, म्हणजे गॅस सुटतो अन् लेकरू शांत झोपतं. पाजून पाजून बाळंतिणीच्या खांद्यात गाठी येतात, त्या बोटांनी न्हाई, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं हळूहळू मोकळ्या करायच्या. मणक्यावर जोर द्यायचा न्हाई, त्याच्या दोन्ही अंगानं चालायचं. बराबर हात पडला की बाई मालिश चालू असतानाच डोळे मिटती, अन् मनात रडू साठलं असलं तर तेही मोकळं होतं. हे सगळं तुला शिकवलं. पोटरी तेवढी शिकवली न्हाई. तू विषय काढला की मी चुलीकडं जायची. लहानपणी पाय दुखतात म्हणून तू रडायचीस, तवा तेलाची वाटी तुझ्याच हातात देऊन मी बाहेर जाऊन बसायची. साऱ्या गावाचं अंग रगडती अन् पोटच्या पोरीला हात लावत न्हाई, असं तू म्हणायचीस. खरंच होतं ते.

आपल्या गावच्या राधेश्यामशेठची बायको, भावनाभाभी, तुला आठवणार न्हाई. तू तवा रांगत होतीस. भाभीचं माहेर तिकडं लांब राजस्थानात, म्हणून बाळंतपण इथंच सासरी झालं, मुलगी झाली. मी रोज सकाळी मालिशला जायची. नवव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजल्ती. गरम होती, तणतणीत. मला वाटलं वारं भरलं. सूज दिसली की तिथं जास्त रगडायचं, असं मला माझ्या सासूनं शिकवल्तं, तिला तिच्या सासूनं. मी तेल कोमट केलं, अंगठा दाबून घोट्यापासून गुडघ्याकडं ओढला. मधी एक गाठ लागली, चिंचोक्याएवढी. भाभी म्हणाली, अजून दाबा, बरं वाटतंय. मी दाबलं. गाठ अंगठ्याखालून सरकली अन् वर निघून गेली. मला वाटलं मोडली. मी खूश झाले, शीतल. मंग भाभीनं पाणी मागितलं. मी तांब्या भरून वळले तोवर ती उशीवर कलंडल्ती, हात छातीवर अन् तोंड उघडं. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं. काय झालं ते मला कळलं न्हाई, पण माझ्या अंगठ्याला कळलं होतं.

त्या दिवसापासून ती गाठ अंगठ्याखालीच आहे. कणीक तिंबताना लागती. कोणाच्याही पायाला हात लावला की लागती, अन् दाबायला गेलं की वर सरकती. एकदा तुझ्या पायाला लागली, तू सात वर्षांची होतीस. मी असा झटकन हात काढून घेतला की तू घाबरून रडलीस. सकाळी दहाच्या सुमाराला, भाभी गेली त्याच वेळेला, अंगठा गार पडतो, बिलकुल बर्फ, वैशाखात पण. बाकीची चार बोटं गरमच असतात. कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी भुताचं काढलं असतं. भाभी मला कधी दिसली न्हाई, ना सपनात ना जागेपणी. दिसली असती तर माफी तरी मागितली असती.

आता तिची ती तवाची नऊ दिवसांची पोर, आयुषी, स्वतः बाळंतपणाला माहेरी आल्ती. त्याच खोलीत, त्याच पलंगावर. तिची आजी, शेठची आई संतोषबाई, तिला माझ्याशिवाय कोणाचा हात चालत न्हाई. पोटरी करणार न्हाई हे आधीच सांगून मी जायला लागले. मागच्या शुक्रवारी, बाळंतपणाच्या नवव्या दिवशी, आयुषीनं चादर सारली अन् डावा पाय पुढं केला. सुजलेला. मी दाबलं न्हाई, नुसता हात टेकवला. रोजची गाठ गार असती, ही गरम होती. आयुषी म्हणाली, अजून दाबा, बरं वाटतंय. आवाज तिच्या आईचा होता. तोच, तसाच. अन् नऊ दिवसांच्या पोरीला आईचा आवाज कुठून आठवणार. मी पाय तसाच सोडला अन् ओरडले, हिला कोणी हात लावू नका, जल्दी जालन्याला न्या. संतोषबाई मला म्हणाली, बेबीनंदा, तुझं डोकं फिरलं. पण शेठनं गाडी काढली, मला पण सोबत घेतलं.

तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. रगडली असती तर सुटून फुफ्फुसात गेली असती, बाई जागीच गेली असती. कोणी ओळखलं म्हणून विचारलं. शेठनं माझ्याकडं बोट केलं. आता येत्या रविवारी आयुषी घरी येणार, अन् सगळ्यांपुढं मला साडी नेसवून पाया पडणार म्हणती.

काल तिला भेटायला दवाखान्यात गेल्ते. बाळ रडून लाल झाल्तं अन् ती घेत नव्हती. नर्सनं दिलं की पाजायची अन् लगेच परत द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, मावशी, मी जन्मली अन् नऊ दिवसांत आईला खाल्लं, आजी सांगती ना. मी ह्या माझ्या पोरीला छातीशी धरलं अन् हिला काही झालं तर. चोवीस वर्षं ती हे ऐकून राह्यली, शीतल. मी त्याच ओसरीवर चहा प्यायची अन् ते माझ्याही कानावर पडायचं. मला बरं वाटायचं, माझं नाव निघत न्हाई म्हणून. काल तिला सांगायला गेले तर तोंडच उघडलं न्हाई. म्हणून हे लिहिलं. रविवारी तू ये. साडीच्या आधी हे पत्र आयुषीला वाचून दाखव, संतोषबाईसमोर, मोठ्यानं, एक ओळ गाळू नको. मी दाराशीच बसून राहीन, त्यांना काय करायचं ते करू दे. वाचून झालं की बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेव अन् तिला सांग, तुझ्या आईला तू न्हाई नेलं, माझ्या आईनं नेलं.

तुझीच,
आई